चन्नबसूचं भाषांतर

नववी ब, शेवटचा तास.
चित्रकलेच्या बाई रजेवर,
आणि खानापुरातल्या आमच्या शाळेत
मोकळा तास भरायला मलाच पाठवतात.
पोरं म्हणाली, सर, सिनेमा लावा.
मी तोच लावला.

तोच म्हणजे
दहावीचा एक वर्ग, तीनदा नापास झालेला उंच पोरगा,
प्रश्नपत्रिका खाणारी शेळी,
छत्री उशाला घेऊन खुर्चीत झोपणारा हेडमास्तर,
आणि एक मुलगी, जी सगळ्यांना उत्तरं सांगते
अन् स्वतःचा पेपर कोरा देते.
बाकी काही घडत नाही त्यात.
घंटा होते, सगळे घरी जातात.

आम्ही तो पाहिला पत्र्याच्या टॉकीजात,
बाकावर पाय वर घेऊन, कारण खालून उंदीर,
कौलांच्या भट्टीवर माती वाहून मिळवलेल्या पैशांत.
सिनेमा कन्नड. आम्ही मराठी शाळेतले सात जण,
कन्नड म्हणजे आम्हाला बसवरची पाटी
आणि पाचव्या तासाचा मार.
म्हणून मधोमध बसवायचा चन्नबसू हट्टीहोळी.
घरात कन्नड, वर्गात मराठी,
भांडताना दोन्ही.
त्याचं तिकीट आम्ही काढायचो,
भाषांतराची मजुरी.

हेडमास्तर लांबलचक बोलला, टॉकीज हसलं,
आम्ही चन्नबसूकडे पाहिलं.
"म्हणतोय, छत्रीला बी हजेरी लावा.
रोज न चुकता येणारी तेवढी एकच हाय."
आम्ही हसलो, लोकांपेक्षा उशिरा,
पण जास्त वेळ.
शेळीनं पेपर खाल्ला.
"म्हणतोय, पास करा तिला.
अभ्यास पोटात गेलाय."

त्या उन्हाळ्यात अकरा वेळा पाहिला.
मग ती वाक्यं आमच्यातच राहिली.
कुणाच्या लग्नात नको असलेला पाहुणा आला
की कुणीतरी म्हणायचं, छत्रीला बी हजेरी लावा.
मोनाप्पाला शेवटची सलाईन लावली
तेव्हा तो बाटलीकडे बघून म्हणाला,
पास करा गा आता.
नर्सला कळेना, आम्ही चौघं भिंतीकडे तोंड करून
का हसतोय, की रडतोय.

पुढं नोकरीसाठी कन्नडची परीक्षा दिली.
एवढं शिकलो, की रागावता येतं.
आणि एका रात्री तो सिनेमा मोबाईलवर सापडला.
हेडमास्तर म्हणतो,
पाऊस येईल असं वाटतंय.
शेळीला तो काहीच म्हणत नाही,
शिपायाला हाक मारतो फक्त.

हुबळीला फोन लावला, टायरच्या दुकानात.
चन्नबसू ठसका लागेपर्यंत हसला.
"मला तरी कुठं कळत होतं गा?
म्हैसूरकडचं कन्नड ते, पळत बोलत्यात.
तिकीट तुम्ही काढलेलं,
गप कसा बसू?"

आज नववी ब मध्ये कुणाला मधे बसवावं लागलं नाही.
यांना दोन्ही भाषा येतात, तिसरीही थोडी.
कडक ऊन, हेडमास्तर वर्गातच छत्री उघडतो,
पाऊस येईल असं वाटतंय,
आणि चाळीस पोरं बाकावर आडवी.
खरं सांगतो, तेही चांगलंच होतं.
मी मात्र शेळीच्या वेळी हसलो, शिपायाला हाक मारली तिथं,
एकटाच, मोठ्यानं.
पहिल्या तीन बाकांनी मागं वळून पाहिलं.

मग ती मुलगी उठली. कोरा पेपर टेबलावर ठेवला,
दोन शब्द बोलली.
या एका जागी चन्नबसूनं
अकराही वेळा काही सांगितलं नव्हतं.
आम्ही विचारायचो, काय म्हणाली रे?
"काय न्हाई. बघा गप."

माझं झालं.
एवढंच म्हणते ती. हे तर त्याला कळलंच असणार.

वर्ग गप्प झालेला.
तहसीन बेपारीनं हळूच विचारलं,
सर, तिला सगळं येत होतं की,
मग कोरा का दिला?

मी म्हटलं, बघा गप.